हेक्टरी पन्नास हजारांचा मेसेज आणि आमची मोसंबी

आठ दिवस झाले, जालना-बदनापूर पट्ट्यातल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: ‘सेंद्रिय फळबाग सांभाळणाऱ्याला सरकार दरवर्षी हेक्टरी ५०,००० रुपये देणार. एकट्याने अर्ज करा, सातबारा आणि आधार पुरे. रासायनिक खत बंद करा, पुढच्याच बहाराला सेंद्रियचा शिक्का. आज शेवटची तारीख.’ ही ‘आज’ आठ दिवसांपासून चालू आहे. काल भाचा सातबारा काढूनच दारात आला, “मामा, तुमचापण भरू का?”

पन्नास हजारांचा आकडा अगदी हवेतला नाही. केंद्राची सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ ला सुरू झाली. तिच्यात मागे हेक्टरी ५०,००० होते, पण ते तीन वर्षांचे मिळून, आणि त्यातले ३१,००० शेतकऱ्याच्या खात्यावर. २०२२-२३ पासून तीन वर्षांचे ३१,५०० झाले. त्यातले खात्यावर येतात १५,०००, तेही सेंद्रिय निविष्ठांसाठी, म्हणजे खत-औषधांसारख्या वस्तूंसाठी. बाकीचे गट बांधणी, प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीवर जातात. शेतकऱ्याला मर्यादा २ हेक्टरची. हिशेब करा, एकरी वर्षाला दोन हजारांच्या आसपास पडतात. मोसंबीला झाडामागे चार-पाच टोपली शेणखत घालणाऱ्याला हे पैसे कुठवर पुरतील ते सांगायला नको. मिळाले तर घ्यावेत, मीही घेईन. पण ते बाग सांभाळायचा पगार नव्हेत.

‘एकट्याने अर्ज करा’ हे तर सरळ खोटं. ही योजना चालतेच गटावर, साधारण २० हेक्टरच्या. त्यातली पीजीएस, म्हणजे सहभागी हमी, प्रमाणीकरणाची पद्धत अशी की गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. म्हणजे माझ्या बागेत युरियाचं रिकामं पोतं सापडलं तर ते शेजारच्याने लिहून द्यायचं. ज्याच्याशी बांधावरून दोन वर्षं बोलणं नाही, त्याच्यासोबत गट करायचा म्हणजे अवघडच काम. आमच्याकडे गट मोडतात ते इथंच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला ४,००० आहेत, दोन वर्षं, एका शेतकऱ्याला एका एकरापुरते. तेही गटातूनच.

मेसेजखाली कुणीतरी भाऊसाहेब फुंडकर योजनेचा कागद जोडलाय. ती फळबाग लागवडीची योजना आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. माझी बाग बारा वर्षांची. तिला या कागदाचा काही उपयोग नाही.

आता शिक्का. खत बंद केलं की पुढच्या बहाराला फळ सेंद्रिय, असं होत नसतं. निर्यातीच्या नियमांत फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला ३६ महिन्यांचा रूपांतरण काळ आहे, म्हणजे तेवढे महिने सेंद्रिय पद्धतीने बाग सांभाळल्यावरच फळ सेंद्रिय धरतात. शिवाय पीजीएसचं प्रमाणपत्र देशातल्या विक्रीपुरतं, परदेशी माल पाठवायचा तर वेगळ्या संस्थेकडून तपासणी लागते. आणि मधल्या काळात बांधापलीकडे कपाशी असते. वारा आपल्याकडचा असला की पंपाच्या फवाऱ्याचा वास कडेच्या ओळीत सकाळभर राहतो. ती ओळ सेंद्रिय कशी म्हणायची?

सेंद्रिय म्हणजे काहीच मारायचं नाही, असाही एक समज या मेसेजमागे आहे. डिंक्या रोग लागलेलं झाड एकदा जवळून बघा. बुंध्याची साल फुटून तांबूस डिंक ओघळतो, हाताला चिकटतो. तो चाकूने खरवडायचा, जखम साफ करायची आणि पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद सेंद्रियमध्ये मर्यादेत चालतं, नोंद ठेवावी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागात किती बागा वाळल्या ते ज्यांनी पाहिलंय, ते ‘काहीच करू नका, झाड आपोआप जगतं’ असं म्हणणार नाहीत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. गट करायचा तर आधी कृषी सहायकाला भेटू म्हटलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, “मामा, फॉर्मचे तीनशे रुपये कालच दिलेत.”

पावती मागायला गेला तर उत्तर मिळालं, साइट बंद आहे.