‘अ‍ॅमेझॉनमध्ये दहा हजार टाकले असते तर...’ अहो, टाकणार कसे?

सोसायटीच्या ग्रुपपासून दिंडोरीकडच्या भावकीच्या ग्रुपपर्यंत नाशकात सध्या तोच फॉरवर्ड फिरतोय. 1997 ला अ‍ॅमेझॉनच्या आयपीओत, म्हणजे पहिल्या शेअर विक्रीत, ₹10,000 टाकले असते तर आज पाच कोटींच्या वर झाले असते, आपल्या लोकांना अक्कल नव्हती, आता तरी भारतातली नाहीतर अमेरिकेतली कुठलीही नवी इंटरनेट कंपनी घ्या आणि विसरून जा.

हिशोब बरोबर आहे, उगाच नाही कशाला म्हणू. भाव होता 18 डॉलर, डॉलर छत्तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे पंधरा शेअर, आणि पुढे चार स्प्लिट होऊन, म्हणजे शेअरचे तुकडे पडून, एकाचे 240 झाले, पंधराचे 3,600.

पण अक्कल नव्हती?? अहो घेणार कसे होते? तेव्हा परकीय चलनावर कडक बंधनं घालणारा ‘फेरा’ कायदा होता. साध्या माणसाला परदेशी शेअर घ्यायला डॉलर पाठवायची मोकळीक रिझर्व्ह बँकेने दिली ती फेब्रुवारी 2004 ला, तीही वर्षाला 25,000 डॉलर. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात खऱ्या, पण रुपयाच्या! आणि अमेरिकेचं सोडा, आपल्याच इंटरनेट कंपन्या बघा ना, सत्यम इन्फोवे ऑक्टोबर 1999 ला आणि रेडिफ जून 2000 ला, दोन्ही गेल्या थेट नॅस्डॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारावर, म्हणजे रेडिफचं ऑफिस मुंबईत, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत यावं एवढ्यावर, आणि शेअर घ्यायचा तर डॉलर पाहिजेत. नोकरी डॉट कॉमवाली इन्फो एज इथल्या बाजारात आली ती नोव्हेंबर 2006 ला. 2000 साली इथे हाताला लागत होते ते केतन पारेख या शेअर दलालाच्या के-10 मधले, म्हणजे त्याच्या लाडक्या दहा शेअरांपैकी, हिमाचल फ्युचरिस्टिक, पेंटामीडिया असले शेअर. त्यांचं 2001 मध्ये काय झालं ते तेव्हा ज्यांच्याकडे होते त्यांना विचारा, चहा पाजून विचारा.

‘कुठलीही घ्या’ हे तर कहर आहे. पेट्स डॉट कॉमचा आयपीओ फेब्रुवारी 2000 ला, दुकान बंद नोव्हेंबर 2000 ला, त्याच वर्षी. वेबव्हॅन घरपोच किराणा द्यायची, जुलै 2001 ला दिवाळखोरीत. नॅस्डॅकचा निर्देशांक मार्च 2000 मधल्या 5,048 वरून ऑक्टोबर 2002 ला 1,114 वर आला आणि जुना आकडा परत दिसायला 2015 उजाडलं. खुद्द अ‍ॅमेझॉन 1999 च्या डिसेंबरात शंभरच्या वर होता, 2001 मध्ये सहा डॉलरच्याही खाली. लाखाचे सहा हजार झालेले बघून घरात कोण गप्प बसलं असतं?

इथलंही तेच. पेटीएम नोव्हेंबर 2021 ला ₹2,150 ला दिला, पहिल्याच दिवशी पाव हिस्सा उडाला. झोमॅटो ₹76 चा वर्षभरात चाळिशीत गेला आणि नंतर कित्येक पट वर आला, हेही खरंच. पण चाळिशीत असताना हाच फॉरवर्ड कुणी पाठवला नव्हता.

राहिलं ‘विसरून जा’. परदेशी शेअर असले की दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो. घरजमीन सोडून बाहेरची मालमत्ता 20 लाखांच्या वर असेल आणि दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली ₹10 लाखांचा दंड बसू शकतो. शिवाय अमेरिकेतले शेअर 60,000 डॉलरच्या वर असताना माणूस गेला तर तिथला वारसा कर 40 टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा तुम्ही विसरा हवं तर, पण बायकोला, पोरांना आणि सीएला आधी सांगून ठेवा.