हेतू चांगला असला तरी

लोकांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींतून नकळत दुखावणारे जे बोलले जाते, त्यावरील लेखातले 'मनात वाईट नसेल तर अशा बोलण्याचा राग मानू नये' हे मत मला पटले नाही. नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत शिकायला आलेल्या अरुणाचल प्रदेशातील मुलांना बजाजनगरच्या बाजारात लोक मोठ्या कौतुकाने 'हिंदी फार छान बोलता' असे सांगतात. वास्तविक त्या राज्यात जमातीगणिक भाषा बदलत असल्यामुळे परस्परांशी बोलताना हिंदी सर्रास वापरली जाते, आणि आपल्या नागपुरी वळणाच्या हिंदीपेक्षा ती पुष्कळदा अधिक सफाईदार असते, हे आपण कबूल करणार नाही ही गोष्ट वेगळी. चेहरा पाहून माणसाला परदेशी ठरवून टाकल्यानंतरच हे कौतुक सुचते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे दाखवले की, आपण इतरांना जिव्हाळा आणि कर्तबगारी या दोन निकषांवर जोखतो, आणि वृद्ध व दिव्यांग व्यक्तींना प्रेमळ पण अकार्यक्षम मानून त्यांची कीव करतो. सीताबर्डी मेट्रो स्थानकावर पांढरी काठी घेतलेल्या प्रवाशाला न विचारता दंडाला धरून ओढणारे आणि 'यांना कुठे जायचे आहे?' असे सोबतच्या माणसाला विचारणारे लोक दुष्ट नसतातच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ मध्ये समानतेबरोबर सन्मानाने जगण्याचा हक्कही नमूद आहे, आणि तो अशा वेळी आपण सहज तुडवतो. लेखात मात्र या प्रकाराविषयी एकही वाक्य नाही. ते असायला हवे होते.