वसुली की मतं?

हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या अन् दिल्लीला खासदार व्हायचं म्हणणाऱ्या भाऊंवरचा लेख वाचला. लेखात म्हटलंय, दुकानदाराची गावभर ओळख असते म्हणून त्याला राजकारण सोपं जातं. ओळखीचं खरं आहे. पण आमच्या परभणीकडं कृषी सेवा केंद्रवाल्याची ओळख म्हणजे उधारी. जूनमध्ये बियाणं-खत न्यायचं, सोयाबीन-कापूस विकला की फेडायचं. एकदा का गड्यानं ग्रामपंचायतीचा अर्ज भरला की वसुली बंद! मागावं तर मत जातं, न मागावं तर कंपनीचा माणूस वसुलीला दारात उभा. त्यातून ज्याच्याकडं सगळ्यात जास्त बाकी, तोच प्रचारात सगळ्यात पुढं. काय बोलणार त्याला?

कायद्याचं लेखात काहीच नाही. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असला, कर थकवला किंवा शासकीय जागेवर अतिक्रमण असलं, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. बाजारपेठेत किती दुकानांचे ओटे रस्त्यावर आलेत ते बघा. विरोधकाला तक्रार करायला तेवढं बस होतं.

दिल्लीचं म्हणाल तर रावसाहेब दानवे सरपंचपदापासून चढत गेले, १९९० ला आमदार, १९९९ ला खासदार झाले. पण मागं पक्ष होता. लोकसभेची अनामत २५ हजार, ती कुणीही भरेल हो. खर्चाची अधिकृत मर्यादाच ९५ लाख आहे, एवढी रक्कम कुठल्या किराणावाल्याच्या गल्ल्यात असते? लेखातल्या हार्डवेअरवाल्या भाऊंनी आधी जिल्हा परिषद लढवावी, अन् त्याआधी थकलेली उधारी गोळा करावी.