आधी आहेत ती विमानं उडवा!

आणखी फेऱ्या? लाज कशी वाटत नाही या लोकांना? माझं न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कचं विमान रद्द केलं, गेटवरून सगळ्यांना उठवून परत बाहेर पाठवलं, आणि दुसरं तिकीट मिळावं म्हणून रांगेत ताटकळत असताना त्याच कंपनीचा ईमेल येतो: या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रोहून अमेरिकेला जादा उड्डाणं, आत्ताच बुक करा! माझ्या पुढच्या बाईंनाही तोच मेल. दोघांनी एकमेकांचे फोन बघितले आणि माझं डोकंच फिरलं.

रद्द का, तर ‘ऑपरेशनल’ कारण. आधी तासभर उशीर, मग अजून दोन तास, मग बोर्डावर नुसतंच ‘माहितीची वाट पाहा’. विमान काचेपलीकडे उभं. सामान चढवलेलं. आणि शेवटी कळलं की क्रूचे ड्यूटीचे तास संपले आणि बदली क्रू नाही. हीथ्रोवर बदली क्रू नाही! दमलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तास कधी संपणार हे काय त्याच क्षणी आकाशवाणी होऊन कळतं का? सकाळपासून माहीत असणार. आम्हाला मात्र शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

पुढचं तर अजून भयंकर. ॲपने परस्पर दुसरं तिकीट काढलं, टोरंटोमार्गे. हिरवी टिकमार्क, ‘कन्फर्म्ड’. माझा पासपोर्ट भारतीय. ब्रिटनचा व्हिसा आहे, अमेरिकेचा आहे. पण टोरंटोला नुसतं विमान बदलायचं तरी आपल्याला कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तो काउंटरवर मिळत नाही. काउंटरवरच्या मुलीला हे सांगितलं तर ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणते, व्हिसा बघणं प्रवाशाची जबाबदारी. अगं पण मार्ग तुम्ही बदललात ना? मी थेट विमानाचं तिकीट काढलं होतं, आणि ते महाग असूनही काढलं होतं ते हीच कटकट टाळायला! माझ्या पासपोर्टचा नंबर, देश, सगळं तुमच्याच सिस्टीममध्ये आहे. मागे एक नायजेरियन कुटुंब होतं, लहान पोरांसकट. त्यांनाही टोरंटोच. ज्यांच्या हातात बरोबर पासपोर्ट त्यांना दोन मिनिटांत मोकळं केलं, आणि आमच्यासारख्यांची वेगळी रांग झाली.

थेट विमानात जागा निघाली ती मुंज उरकल्यावरची. हो, मुंज. न्यू जर्सीतल्या एडिसनला, बहिणीच्या मुलाची. आई-बाबा नाशिकहून महिनाभर आधी जाऊन बसलेले, मी सख्खा मामा, भाच्यासाठी केलेली भिकबाळी माझ्या हातातल्या बॅगेत, आणि मी हीथ्रोच्या फरशीवर चार्जरला प्लग शोधतोय. मुहूर्त रीबुक होतो का? “मामा, तू कुठे आहेस?” असं त्याने फोनवर विचारलं तेव्हा मला बोलता येईना.

आणि हे म्हणे फेऱ्या वाढवणार! कुठून वाढवणार? हीथ्रोला धावपट्ट्या दोन. वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा, तीही पाचव्या टर्मिनलला परवानगी देतानाच घातलेली. वेळापत्रक काठोकाठ भरलेलं, म्हणून सकाळी थोडं धुकं पडलं की संध्याकाळपर्यंत बोंब. इथे नवा स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची किंवा उडवायची ठरलेली वेळ, मिळतच नाही, दुसऱ्याकडून विकत घ्यावा लागतो. २०१६ मध्ये ओमान एअरने स्लॉटच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. नाहीतर स्वतःची दुसरी एखादी फेरी बंद करून तिचा स्लॉट न्यूयॉर्कला द्यायचा. शिवाय हंगामात ८० टक्के स्लॉट वापरला नाही तर तो हातचा जातो. मग काय, असेल ते प्रत्येक विमान आणि असेल तो प्रत्येक क्रू ताणून ताणून वापरायचा. राखीव काही ठेवायचंच नाही. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनांमुळे बोइंगची ड्रीमलायनर विमानं जमिनीवर उभी राहायची रड कित्येक वर्षांची आहे. तरी तिकिटं आधी विकायची आणि विमानाचं नंतर बघायचं!

न्यूयॉर्क यांची दुभती गाय. हीथ्रोहून सगळ्या कंपन्यांची मिळून दिवसाला वीसच्या वर विमानं तिकडे जातात. मुंबईला? बोटांवर मोजता येतील. पुण्याला थेट एकही नाही. आम्ही काय फुकट जातो का? दिवाळीत मुंबईच्या तिकिटाचे भाव बघा एकदा.

स्पर्धा आहे, भाडी कमी होतील, हेही मला कुणी सांगू नका. अटलांटिकवरच्या बड्या कंपन्यांना अमेरिकी सरकारने स्पर्धा कायद्यातून सूट दिलेली आहे. एकत्र बसून भाडी आणि वेळा ठरवतात आणि पैसे वाटून घेतात. तिकीट एकीचं, विमान दुसरीचं. तक्रार करायला गेलं की ही म्हणते तिला विचारा, ती म्हणते हिला विचारा. नवऱ्याशेजारी बायकोला बसायचं तर वेगळे पैसे. बॅग द्यायची तर वेगळे पैसे. वर सरकारची एअर पॅसेंजर ड्यूटी, एप्रिल २०२६ पासून इकॉनॉमीला माणशी १०२ पौंड. एवढं सगळं घेऊन फोनवर माणूस नाही, चॅटबॉट आहे, आणि त्याला ‘ट्रान्झिट व्हिसा’ म्हटलं की तो सुट्टीची पॅकेजं दाखवतो.

मी हीथ्रोशेजारच्या हाउन्स्लोला राहतो. पहाटेपासून यांची विमानं छपरावरून जातात, उन्हाळ्यात खिडकी उघडून झोपता येत नाही. दुपारी तीनला उतरायच्या आणि उडायच्या धावपट्ट्यांची अदलाबदल होते तेव्हा कुठे कानांना जरा आराम. तेही सोसलं असतं हो, पण निदान आम्ही पैसे भरलेलं विमान तरी उडवा!

आता नुकसानभरपाईचं. ब्रिटनच्या कायद्याने एवढ्या लांबच्या विमानाला ५२० पौंड होतात. कंपनीचं उत्तर आलं: असाधारण परिस्थिती, म्हणून भरपाई नाही, क्षमस्व. कसली असाधारण? वैमानिक ऐनवेळी आजारी पडला तरी ती असाधारण परिस्थिती नाही, असा निकाल इथल्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये दिला आहे. मग ड्यूटीचा तक्ता धड आखता आला नाही, हे असाधारण कसं? निकालाची प्रत जोडून परत पाठवलंय. पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देऊ म्हणतायत. व्हाउचर मला नको. ५२० पौंड खात्यात हवेत, आणि त्या नायजेरियन कुटुंबाला पोरांसकट प्रत्येकी.