हॉर्नर बहुरूपी नव्हता, हे मान्य

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला बसलो. तेवढ्यात लाइट गेली, ते बरंच झालं. सकाळी पुन्हा वाचली तेव्हा निम्म्या रागाची मलाच लाज वाटली.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर खोट्या बातम्या रचून पसरवणाऱ्या पॉल हॉर्नर या अमेरिकन थापाड्यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं आणि त्याला 'इंटरनेटचा बहुरूपी' म्हटलं. त्यावर ताईंचे तीन आक्षेप आहेत. एक, बहुरूपी शेवटी आपली ओळख देतो, हॉर्नर देत नव्हता, तेव्हा ही तुलना बहुरूप्यांचा अपमान आहे. दोन, ज्या धुळे जिल्ह्यात त्या राहतात तिथे राईनपाडा घडलं. अफवेपायी माणसं मेलेली पाहिल्यावर असल्या माणसाचं कौतुक कसं सुचतं? आणि तीन, "विडंबन म्हटलं की सगळं माफ, असं तुम्हा लेखकांना वाटतं."

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. लहानपणी आमच्या गल्लीत फौजदाराच्या वेषातला बहुरूपी यायचा. खाकी कपडे, कंबरेला लाकडी पिस्तूल, हातात वही. आजोबांना दरडावायचा, "वॉरंट आहे तुमच्या नावाचं, चला गाडीत." आम्ही पोरं माजघरात पळायचो. मग तो तोच दरडावणीचा सूर धरून लग्नाचं काहीतरी अगडबंब आमंत्रण म्हणायला लागायचा, आजी हसत सुपात ज्वारी घेऊन यायची आणि फौजदार झोळी पुढे करायचा. त्या झोळीतच सगळं आलं. ती पुढे झाली की सोंग संपलं. फसलेला माणूसही हसण्यात सामील व्हायचा आणि खुशीने पसाभर धान्य द्यायचा.

हॉर्नरची झोळी फसणाऱ्याला दिसतच नव्हती. त्याचे पैसे वाचक देत नव्हता, जाहिराती देत होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतःच सांगितलं की गूगलच्या जाहिरातींतून महिन्याला दहाएक हजार डॉलर मिळतात. म्हणजे सोंग जितकं उशिरा उघडं पडेल तितकी कमाई जास्त. बहुरूप्याचा हिशेब नेमका उलटा असतो. सोंग उघडं पडल्याखेरीज त्याला दाणाही मिळत नाही. हे मला लिहितानाच दिसायला हवं होतं.

तरी 'ओळख देत नव्हता' हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नाही, आणि त्या माणसात मला रस वाटला तो इथेच. हॉर्नर आपलं नाव थेट थापेत घालायचा. २०१४ मध्ये नॅशनल रिपोर्ट या साइटवर त्याने पुडी सोडली की बँक्सी हा भिंतींवर चित्रं काढणारा निनावी कलावंत पकडला गेला. त्या बातमीनुसार बँक्सीचं खरं नाव काय? पॉल हॉर्नर, वय ३५, जन्म लिव्हरपूलचा. ट्रम्पच्या सभेत निदर्शनं करायला साडेतीन हजार डॉलर मिळाले असं 'कबूल' करणारा निदर्शकही पॉल हॉर्नरच. बातमीखाली फोन नंबर दिलेला असला तर तो बऱ्याचदा वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचा निघायचा. सैनिकांच्या अंत्ययात्रांसमोर समलिंगीद्वेषाचे फलक नाचवणारी ही कुप्रसिद्ध मंडळी. संतापलेला वाचक फोन लावायचा आणि तो तिकडे वाजायचा. याला मी हसलो होतो. खरं सांगायचं तर अजूनही हसू येतं.

खुणा होत्या, पण बातमीच्या पोटात. वर मथळा होता आणि त्याच्या साइटचा पत्ता होता एबीसीन्यूज डॉट कॉम डॉट सीओ. शेवटचं 'सीओ' कोलंबिया देशाचं. बाकी नाव आणि लोगोचा थाट एबीसी या बड्या वाहिनीचा. बँक्सीच्या थापेला मी नक्कल म्हणेन. हा पत्ता मात्र खोटी नोट आहे. नकलाकार दुसऱ्याचा आवाज काढतो तेव्हा ऐकणाऱ्याला दोघंही दिसावे लागतात, नकलाकार आणि ज्याची नक्कल चाललीय तो. इथे हॉर्नर मुद्दाम दिसेनासा झाला होता. तेव्हा तुमच्या तिसऱ्या आक्षेपावर माझं उत्तर असं की सगळं माफ नाही. मी त्याला एका हद्दीपर्यंतच विडंबनकार म्हणेन, आणि ती हद्द त्याने हा पत्ता विकत घेतला त्या दिवशी ओलांडली.

आता राईनपाडा. हे लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी फिरत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. तुम्ही लिहिलंत की ती बातमी आली तेव्हा तुमच्या शाळेत पालक मुलांना न्यायला धावत आले होते. ते वाचून मी बराच वेळ पुढे सरकलो नाही.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मूळ फीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीची. तिच्या शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. आपल्याकडे आली ती शेवट छाटून. ज्याने छाटला त्याचं नाव आजही कुणाला ठाऊक नाही.

म्हणून हॉर्नर आणि राईनपाडा एकाच पोत्यात भरायला मी तयार नाही. एकीकडे आपलं नाव-गाव सांगणारा, मुलाखती देणारा, शिव्या खाणारा माणूस. दुसरीकडे कुणीच नाही. नोटबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते, ही कंडी कुणी पिकवली? (योगायोग बघा, नोटबंदी जाहीर झाली आणि ट्रम्पची निवडणूक झाली तो दिवस एकच, ८ नोव्हेंबर २०१६.) आमच्या मामांनी ती मला तीनदा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवताना सोबत लिहिलं होतं, "टीव्हीवर पण दाखवलं." आणि दाखवलं होतंच की! थापेचा बाप सापडला तर त्याला जाब विचारता येतो. मामांनी कुणाला विचारायचा?

पण तुमचा मुद्दा दुसऱ्या दाराने आत येतो, आणि तो मी टाळणार नाही. कराचीची फीत शेवट कापल्यावर विषारी झाली. हॉर्नरच्या बातम्यांचा शेवट कुणाला कापावाही लागत नव्हता, कारण तिथवर कुणी जाणारच नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. लोक फक्त मथळा पुढे ढकलतात, यावरच त्याचं दुकान उभं होतं. ट्रम्प समर्थकांची फजिती करायला आपण हे लिहितो, ते खरंखोटं तपासतील आणि तोंडावर पडतील, असं त्याला वाटायचं म्हणे. कुणी काही तपासलं नाही. साडेतीन हजार डॉलरची ती थाप ट्रम्पचे प्रचारप्रमुख राहिलेले कोरी लेवंडोवस्की यांनी आणि ट्रम्पपुत्र एरिक यांनी खरी म्हणून ट्विटरवर टाकली. निवडणुकीनंतर हॉर्नर म्हणाला की ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये पोहोचला तो माझ्यामुळे, आणि याचं मला वाईट वाटतं. यातला पहिला भाग मला फुशारकी वाटते, दुसरा खरा वाटतो.

एका ठिकाणी मात्र मी हटणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पडलं होतं, तेव्हा हॉर्नरने वावडी उठवली की ओबामा पदरच्या पैशाने मुस्लिम संस्कृतीचं संग्रहालय उघडं ठेवताहेत. फॉक्स न्यूजच्या निवेदिकेने ती प्रक्षेपणात बातमी म्हणून सांगितली आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. तिथे दोष थापाड्याचा किती आणि पगार घेऊन बातम्या देणाऱ्यांचा किती? आपल्याकडचंच बघा. १० ऑक्टोबर २०२३ ला अमर्त्य सेन गेल्याची बातमी आली. आदल्याच दिवशी अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या नावाने कुणीतरी खातं उघडून ते लिहिलं होतं. पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेनेही ती बातमी दिली. सेन यांच्या मुलीने, नंदनाने, बाबा ठणठणीत आहेत असं सांगितल्यावर ती मागे घेतली गेली. आणि त्याच खात्यावर लगेच खुलासा होता की हा उद्योग तोमासो देबेनेदेत्ती या इटालियनाचा. एक फोन केला असता तर भागलं असतं. मेलेल्या बातमीदारीवर बोट ठेवणारे असे लोक मला नकोसे वाटतात, पण निरुपयोगी वाटत नाहीत. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

तुम्ही विचारलंत की त्याचा शेवट मी लेखात का गाळला. चांगला दिसला नसता म्हणून गाळला, हे कबूल करतो. १८ सप्टेंबर २०१७ ला अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या लव्हीनमध्ये तो अंथरुणात मृत सापडला. वय ३८, चुकून झालेला औषधांचा अतिरेक. भावाने फेसबुकवर कळवलं तर कित्येकांना ती त्याची नवी थाप वाटली. शेरीफच्या कार्यालयाकडून दुजोरा मिळेपर्यंत त्याच्या मरणावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. लांडगा आला रे आला इतकी तंतोतंत कुणाच्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

लेखाचं शीर्षक बदललं आहे. आता नुसतं 'पॉल हॉर्नर' आहे, आणि जुनं शीर्षक खोडलेलं दिसेल असं खाली ठेवलं आहे, का बदललं त्या एका ओळीसकट. काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याच लेखाचा स्क्रीनशॉट टाकला. जुनं शीर्षक, पहिला परिच्छेद, आणि खाली मामांचा अंगठा.