अर्धं बेणं आमचंही आहे

नागपंचमीची दुपार. पुरणाची दिंडं नुकतीच ताटात पडली होती. आमचा नातू अडीच वर्षांचा. त्यानं नागपूरहून आलेल्या आजोबांच्या नाकावरचा चष्मा काढला, त्याच्या काड्या नीट मिटल्या आणि तो तुपाच्या वाटीत उभा करून ठेवला. काड्या मिटल्या, हे विशेष. माझ्या तोंडून कौतुकानं निघून गेलं, ‘‘आयला, लई बेणं हाय हे!’’

आमच्या घरात हे वाक्य म्हणजे प्रमाणपत्र. मी दहावीला पहिल्या वर्गात आलो तेव्हा वडील सायकलवरून न उतरता एवढंच म्हणाले होते, ‘‘बेणं हायेस.’’ गुणपत्रिका कुठं गेली कुणास ठाऊक, पण ते दोन शब्द अजून जपून ठेवलेत.

व्याह्यांनी मात्र चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तुपाच्या पडद्यातून माझ्याकडं पाहिलं आणि दुसरं दिंड नको म्हणाले. महाराष्ट्र एक्सप्रेसनं दिवस-रात्र हाडं खिळखिळी करून घेत साताऱ्यात उतरलेला माणूस दुसरं दिंड नको म्हणतो, तेव्हा त्याचं पोट भरलेलं नसतं, मन भरलेलं असतं.

संध्याकाळी सुनेनं मला ओट्यापाशी गाठलं. ‘‘बाबा, तुम्ही त्याला बेणं म्हणालात.’’

‘‘मग? हायेच की.’’

‘‘आमच्याकडं असं नाही म्हणत. पप्पांनी आजींना अर्थ विचारला.’’

इथं घात झाला. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला शब्दाचा अर्थ विचारला की ती अर्थच सांगते. ‘‘बेणं म्हंजे बी वो. जसं बेणं तसा ऊस,’’ ती म्हणाली होती. व्याही जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी त्या एका वाक्याचा पंचनामा केला आणि निष्कर्ष काढला, की मी पोराच्या बियाण्यावर, म्हणजे खानदानावर बोललो.

‘‘पप्पा म्हणतात,’’ सून खाली मान घालून म्हणाली, आणि मला पक्का संशय आहे की ती हसू दाबत होती, ‘‘अर्धं बेणं आमचंही आहे.’’

याला उत्तर नाही. हिशेब बिनचूक आहे.

रात्री गॅलरीत मी विषय काढला. बाहेर भुरभुर पाऊस, अजिंक्यतारा ढगात गुडूप. म्हटलं, ‘‘साहेब, आमच्याकडं हा शब्द लाडाचा आहे.’’

‘‘असंल भाऊ. पण ऐकणाऱ्याला लागला, तर लागला नं? दुसऱ्याला त्रास होईल असा अश्लील शब्द चारचौघांत काढला, तर त्याला कलम आहे. आधी २९४ होतं. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २९६ झालं.’’

दाराशी वाती वळत बसलेल्या आईला एवढंच ऐकू गेलं. ‘‘कलम आंब्याला करत्यात पाव्हणं,’’ ती म्हणाली, ‘‘उसाला बेणंच लागतं.’’

मग तिनं त्यांना बोरीचा बार सांगितला. तिचं माहेर खंडाळा तालुक्यातलं. तिथं सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. वाजतगाजत येतात, मनसोक्त घालतात आणि घरी जातात. माणसं लांबलांबून बघायला येतात. आई पोरवयात गेली होती, तिथला एक नमुना तिनं त्यांना ऐकवलाही. तो इथं छापता येत नाही. दात नसल्यामुळं अर्धाच कळला, तरी व्याह्यांनी गॅलरीचा कठडा धरला.

‘‘आणि पोलीस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बंदुबस्ताला असत्यात की.’’

व्याही बराच वेळ पावसाकडं बघत बसले. निवृत्तीनंतर आपला अभ्यासक्रम बदललाय असं कुणी सांगावं, तसा चेहरा. मग हळूच म्हणाले, ‘‘म्हणजे उद्याच आहे?’’ मी गाडी काढतो म्हणालो. बायको आतून म्हणाली, ‘‘काही नको. घरातलं एक बेणं निस्तरत नाही अजून.’’

आता आईविषयी सांगायचं, तर तिची माया शिव्यांतच मोजावी लागते. ‘मुडद्या, जेवलास का?’ म्हटलं की सगळं आलबेल. ‘मेल्या, किती वाळलास!’ हा पुढचा टप्पा, त्यात वर एक भाकरी मिळते. ज्या दिवशी ती मला ‘या, बसा’ म्हणते त्या दिवशी मी उभाच राहतो, कारण काहीतरी मोठं चुकलेलं असतं. आणि ‘आयला’चं म्हणाल, तर ते अर्ध्यावर सोडलेलं वाक्य आहे. आईला काय, ते आजवर कुणी पुरं केलेलं मी तरी ऐकलं नाही. पोवई नाक्यावर सिग्नल लागला, आयला. पेढ्याचा भाव वाढला, आयला. पाऊस आला, आयला. नाही आला, आयला. यात कुणाची आई कुठं येते? माझी तर शेजारीच बसून वाती वळत होती आणि तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

तरी त्या रात्री झोप लागेना. कारण ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय आणि म्हटलंय. माझ्या लहानपणी जातींची नावं शिवीसारखी सर्रास वापरली जायची. ‘तसं काही मनात नसतं’ असं सांगणारे आम्हीच असायचो. ज्याला लागायचं त्याला कुणी विचारत नव्हतं. तो आमच्याच बाकावर बसायचा आणि आमच्याबरोबर हसायचा, म्हणून आम्हाला वाटायचं लागत नसेल. त्यामुळं लागलं म्हणणाऱ्याला उगाच हळवा ठरवायला माझी जीभ जरा अडखळते. पण म्हणून बेणं? बेण्यासाठी माफी मागायची तर जिल्ह्यातल्या निम्म्या बापांना पोरांपुढं रांगेत उभं करावं लागेल.

सकाळी मी व्याह्यांना वडूथला शेतावर नेलं. पंचमीला जमिनीला हत्यार लावत नाहीत, म्हणून आडसाली उसाची, म्हणजे पावसाळ्यातली, लागण एक दिवस थांबली होती. बांधावर बेण्याच्या मोळ्या पडल्या होत्या. बायका कोयत्यानं उसाची दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडत होत्या; डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा. मुकादम मला बघून ओरडला, ‘‘आण्णा, बेणं लई ब्येस हाय औंदा!’’

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीच बोललो नाही.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. कार्यालयात आयुष्य काढलेला माणूस, नोंदवही नसली तरी मनात रकाने आखतो. जात कुठली? को ८६०३२. कुठून आली? पाडेगावच्या संशोधन केंद्रानं पुढं आणलेली, आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यात. एकरी टिपरी किती? दहा हजारांच्या आसपास. ती पिंपात काय बुडवलीत? बुरशीनाशक, दहा-पंधरा मिनिटं. हे वेगळं रान कशाचं?

‘‘बेणेमळा,’’ मी म्हणालो. ‘‘बेण्यासाठी राखलेला. याला आपल्या ताटातलं आधी वाढायचं. खत, पाणी, सगळं. नऊ ते अकरा महिन्यांचा कवळा, रसरशीत ऊस निवडायचा. किडका, लाल पडलेला दिसला की बाजूला. सगळ्यात उजवं असतं, तेच बेणं म्हणून ठेवायचं.’’

त्यांनी एक टिपरं उचललं. अंगठ्यानं डोळा चाचपला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, फुगीर, टोकाला हिरवा. लहान मुलाची हनुवटी धरावी तसं धरलं होतं त्यांनी ते.

‘‘उजवं असतं तेच?’’

‘‘तेच.’’

‘‘मग आधी सांगायचं नं भाऊ!’’ म्हणत त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सरीत उतरले. डोळे बाजूला येतील असं टिपरं कसं ठेवायचं ते एका मावशीनं दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘आयला, पाव्हणं शिकलं की!’’ व्याही लाजले. साफ लाजले. सरीच्या टोकापर्यंत त्यांनी स्वतः लागण केली आणि परत येताना गाडीत, चिखलाचे पाय पुढं पसरून, ‘लई बेणं, लई बेणं’ असं स्वतःशी म्हणून पाहिलं. ‘ई’ जरा जास्त लांबत होती, पण होईल सवयीनं.

जाताना माहुलीच्या स्टेशनवर आम्ही सगळे. गाडी आली. कंदी पेढ्यांचे चार बॉक्स आत गेले, व्याही दारात उभे राहिले. नातवानं पुन्हा चष्म्याला हात घातला. त्यांनी त्याचा गालगुच्चा घेतला आणि डोळे भरून म्हणाले, ‘‘भैताड पोट्टं आहे बे हे! भारी डोकं चालून राहिलं पोट्ट्याचं!’’

गाडी हलली. मी हात हलवत होतो. शेजारी बायकोचा हात हवेतच थांबला होता.

घरी येईपर्यंत ती बोलली नाही. कुलूप काढताना म्हणाली, ‘‘भैताड म्हणाले त्याला. आणि पोट्टं. आणि बे. ‘बे’ कुणाला म्हणाले? तुम्हालाच ना?’’

‘‘अगं, लाडानं. तिकडं तसंच बोलतात.’’

‘‘मला काय माहीत?’’ ती म्हणाली.

तर आता दिवाळीत नागपूरला जायचं ठरतंय. भैताड कुठल्या रानात पिकतं, ते बायकोला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय माझी सुटका नाही. व्याह्यांना फोन करून विचारलंय, काही सोय होते का बघा.