‘स्पेक्टर’ने नट फुकट घालवले, हे खरं नाही

जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ (२०१५) टीव्हीवर लागला की दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यापासून कणकवलीपर्यंत मोबाइलवर एकच मजकूर फिरतो. तक्रार तशी जगभरची आहे, आपल्याकडे ती मराठीत येते एवढंच. ती अशी: दोन ऑस्कर मिळवलेला क्रिस्टोफ वॉल्ट्झ घेतला आणि अंधारात बसवून ठेवला. मोनिका बेलुचीचा जाहिरातीत गाजावाजा केला आणि पडद्यावर तिला काही मिनिटांत गुंडाळलं. डेव्ह बॉटिस्टाच्या वाट्याला अख्ख्या सिनेमात एक शब्द. अँड्र्यू स्कॉट नुसता सूट घालून हिंडतो. बाँडच्या गुप्तहेर खात्यातल्या क्यू (यंत्रं बनवणारा), एम (बाँडचा साहेब) आणि मनीपेनी यांची उगाच धावपळ. म्हणजे काय, चांगले नट घेतले आणि वाया घालवले. कुडाळचा माझा मावसभाऊ तर त्यावर मालवणी शिक्का मारूनच पुढे पाठवतो, "इतको पैसो घालून ह्येंका घेतल्यानी कित्याक?"

सिनेमा थोर आहे असं मी म्हणत नाही. लंडनमधला शेवट ताणलाय, आणि बाँड झालेला डॅनियल क्रेग आणि नायिका लेआ सेदू यांचं प्रेम आगगाडीच्या एका प्रवासात उरकून टाकलंय. पण नट वाया घालवल्याचा आरोप म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सिनेमात बिघाड आहे, तो तिथे नाही.

बेलुचीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त हळहळ तिच्यासाठी आहे. तिचं काम मिनिटांत मोजलं तर थोडंच भरतं, ते मान्य. पण त्या मिनिटांत काय होतं ते बघा. ती रोममधल्या एका मारेकऱ्याची विधवा. नवऱ्याचा अंत्यविधी झालाय, आणि आता आपला नंबर आहे हे तिला पक्कं माहीत आहे. रात्री ती मोठ्या रिकाम्या घरात परतते, संगीत लावते, आणि सरळ चालत बाहेर पाण्याच्या कडेला येऊन उभी राहते. मागे दोन माणसं धूसर दिसतात. ती वळत नाही, पळत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि मरण तिच्या पाठीमागे. गोळ्या सुटतात, पडतात ते दोघे. वाचली म्हणून तिला आनंद नाही, उलट ती बाँडलाच ऐकवते की तू मला पाच मिनिटं मिळवून दिलीस, बस. हा प्रसंग एखाद्या नवख्या मुलीने केला असता तर प्रेक्षक म्हणाला असता, ‘अगं, पळ की!’ बेलुचीच्या बाबतीत तसं वाटत नाही. बाई आयुष्यभर अशा लोकांत राहिली आहे, हे तिच्या चालण्यातच कळतं. सिनेमाने ते वेगळं सांगितलेलं नाही, कारण गरज नाही. यासाठीच मोठी नटी घ्यायची असते.

शिवाय स्पेक्टरची, म्हणजे सिनेमातल्या गुन्हेगारी टोळीची, बैठक कुठे भरते ते बाँडला तिच्याकडूनच कळतं. ती नसती तर गोष्ट रोममध्येच थांबली असती. आणि ती जिवंत राहते. क्रेगच्या आधीच्या सिनेमांत बाँडच्या जवळ आलेल्या बायकांचं काय झालं ते आठवा: ‘कॅसिनो रोयाल’मध्ये सोलांज मेली, ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये फील्ड्स तेलात बुडवून मारली, ‘स्कायफॉल’मध्ये सेवरीनला डोक्यावर दारूचा पेला ठेवून गोळी घातली. इथे बाँड अमेरिकी दूतावासातल्या आपल्या दोस्ताकडे, फेलिक्सकडे, तिची सोय लावतो. तिला मारून आणखी दोन हुकमी प्रसंग काढता आले असते. तो मोह टाळला याचं श्रेय कुणी देत नाही, आणि वर ती लवकर गेली म्हणून ओरड.

ओरडीचं खरं कारण जाहिरात. पन्नाशी ओलांडलेली बाई बाँडसोबत, या बातमीवर महिनोन् महिने मथळे निघाले. लोक नायिका बघायला गेले आणि त्यांना विधवा भेटली. तो दोष जाहिरात करणाऱ्यांचा. आपल्याकडे तर त्यात सेन्सॉर बोर्डाचीही भर पडली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सिनेमा इथे लागला तेव्हा चुंबनदृश्यं निम्मी कापून. पहलाज निहलानी तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते, आणि ‘संस्कारी बाँड’ म्हणून देशभर टिंगल झाली. तेव्हा पणजीला जाऊन बघून आलेले आमच्याकडचे लोक ‘बेलुचीचं काम कापल्यासारखं वाटतं’ म्हणत होते. कापलेलंच होतं, बाबांनो.

आता बॉटिस्टा. मिस्टर हिंक्स हा त्याचा पार्ट, आणि शब्द खरोखर एकच. त्या आरोपाचं मूळ कुठे आहे असा विचार केला की मला आमचा दशावतार, कोकणातलं लोकनाट्य, दिसतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद नटाने उभ्या उभ्या जुळवायचे. देवळासमोर रात्री उभा राहिलेला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, उजाडेपर्यंत चालतो, आणि त्यात चांगला नट म्हणजे जिभेवर सरस्वती नाचणारा. राजपार्टी कसा बोलला, नारदाने कुणाला कसा टोला हाणला, यावर सकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागतो. राक्षससुद्धा आरोळी ठोकत, आपली बिरुदं मोजत आत येतो. असे कान घेऊन आम्ही बाँड बघायला बसतो. मग जो बोलला नाही त्याला कामच दिलं नाही, असा हिशेब आपोआप होतो.

बाँडच्या घराण्यात मात्र रीत उलटी आहे. ‘गोल्डफिंगर’ (१९६४) मधला खलनायकाचा हस्तक ऑडजॉब धड एक वाक्य बोलत नाही. खुद्द गोल्डफिंगर झालेल्या गेर्ट फ्रोबेचा आवाज दुसऱ्याने दिलेला आहे, तरी साठ वर्षांत त्याला कुणी वाया गेला म्हटलं नाही. पोलादी दातांचा जॉज ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) मध्ये तोंड उघडतो ते चावायलाच, आणि ‘मूनरेकर’ (१९७९) च्या शेवटाकडे कुठे एक वाक्य बोलतो. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मधला मारेकरी झालेला रॉबर्ट शॉ अर्ध्याहून जास्त सिनेमा मुकाट्याने बाँडच्या मागावर असतो, पहिल्यांदा बोलतो तो थेट आगगाडीच्या टप्प्यावर. हिंक्स हा सरळसरळ त्याच गोत्राचा, म्हणून त्याचीही मारामारी आगगाडीतच.

त्याची ओळख कशी करून दिली आहे तेही बघा. लांबलचक टेबलाभोवती जगातले बडे गुन्हेगार बसलेत. एक जागा रिकामी झाली आहे, एक जण उठून म्हणतो मी घेतो. कुणाची हरकत? हिंक्स येतो, त्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरतो आणि अंगठे डोळ्यांत घालतो. अंगठ्यांची नखं धातूची आहेत. झालं, मुलाखत संपली. यावर त्याला दोन वाक्यं दिली असती तर भीती निम्मी झाली असती. आगगाडीत तो क्रेगला डब्यांच्या भिंतींतून आरपार फेकतो तेव्हा क्रेग खराच थकलेला दिसतो. बॉटिस्टाबरोबरच्या मारामारीत त्याचा गुडघा दुखावला होता आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. आणि तो एकुलता एक शब्द? गळ्यात दोर, दोराला पिंपं, पिंपं एकेक करून गाडीबाहेर चालली आहेत, आणि इतका वेळ दगडासारखा राहिलेला माणूस आपलं काय होणार ते ओळखून एक शिवी पुटपुटतो. थिएटर हसतं. एका शब्दावर एवढं काम करून घेतलं, त्याला वाया घालवणं कसं म्हणायचं?

वॉल्ट्झचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, आणि तिथे मला तक्रारवाल्यांशी सगळ्यात जास्त भांडायचं आहे. त्यांचं म्हणणं, तो फार कमी दिसतो. मी म्हणतो, तो जितका कमी दिसतो तितका भारी आहे. रोमच्या त्याच बैठकीत तो येतो तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहतं. चेहरा अंधारात. तो माइकमध्ये बोलतसुद्धा नाही, शेजारच्याच्या कानात कुजबुजतो. बाकीचे आकडे वाचून दाखवतायत, एखाद्या बँकेच्या वार्षिक सभेसारखं, आणि घाम त्यांना फुटलाय. वॉल्ट्झ इथे स्पेक्टरचा म्होरक्या ब्लोफेल्ड झाला आहे, आणि हेही घराण्याला धरून आहे. १९६३ आणि १९६५ च्या सिनेमांत ब्लोफेल्ड म्हणजे एक हात, एक पांढरं मांजर आणि एक आवाज. डोनाल्ड प्लेझन्सचा चेहरा ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) मध्ये पार शेवटाकडे दिसतो, आणि तरी आज जगाला ब्लोफेल्ड म्हटलं की तोच टकला आठवतो.

बिघाड होतो तो वॉल्ट्झ उजेडात आल्यावर. मोरोक्कोच्या वाळवंटात बाँडला खुर्चीला बांधून तो आपली कुळकथा सांगायला बसतो. पोरक्या बाँडला याच्या बापाने घरी आणलं, लळा लावला, म्हणून याने बापालाच मारलं, आणि आधीच्या तिन्ही सिनेमांतली दुखणी म्हणे मीच घडवली. जगभर पसरलेल्या गुन्हेगारी साम्राज्याचं कारण काय, तर भाऊबंदकी! कोकणातल्या माणसाला भाऊबंदकी समजावून सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या कोर्टात चकरा मारून आम्ही त्यात पदव्या घेतल्या आहेत. पण राक्षस घाबरवतो तो आपल्याला त्याचं कारण कळत नाही म्हणून. त्याचं कारण वाटणीच्या दाव्याइतकं ओळखीचं निघालं की तो शेजारचा तात्या होतो. म्हणजे वॉल्ट्झला वापरायचं राहून गेलेलं नाही, त्याला नको तितकं समजावून सांगायला लावलं आहे. तक्रारवाल्यांच्या मागणीप्रमाणे त्याला आणखी वेळ दिला असता तर हे पुराण आणखी वाढलं असतं.

हे असं का झालं, त्यालाही इतिहास आहे. ब्लोफेल्ड आणि स्पेक्टर यांच्या हक्कांवरून ‘थंडरबॉल’च्या मूळ कथेचे एक सहलेखक केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी अनेक दशकं वाद चालला. त्यामुळे १९७१ नंतर बाँडमालिकेत ब्लोफेल्डचं नावसुद्धा घेता येईना. १९८१ मध्ये एका टकल्या, मांजरवाल्या, बिननावाच्या माणसाला हेलिकॉप्टरने उचलून धुराड्यात टाकलं आणि विषय मिटवला. क्रेगच्या काळात स्पेक्टर वापरता येत नव्हती म्हणून ‘क्वांटम’ नावाची दुसरी टोळी उभी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये वाद मिटला, हक्क हाती आले, आणि दोन वर्षांत सगळं जुनं एका सुतळीत ओवायची घाई झाली. गाठी सुटल्या त्या तिथे. नटाने काय करायचं? तरी तो छळाचा प्रसंग बघा: सुई कवटीत शिरतेय आणि वॉल्ट्झ दंतवैद्यासारखा मायेने बोलतोय.

त्या फिरत्या मजकुरात एक नाव कधीच नसतं, येस्पर क्रिस्टेन्सन. तो मिस्टर व्हाइट. ‘कॅसिनो रोयाल’, ‘क्वांटम ऑफ सोलेस’ आणि मग हा तिसरा. ऑस्ट्रियात तळ्याकाठच्या घराच्या तळघरात तो विष भिनून मरत बसला आहे. बाँड आपलं पिस्तूल त्याच्यापुढे ठेवतो, तुझ्या मुलीला जपेन या शब्दाची हमी म्हणून. म्हातारा पिस्तुलाकडे बघतो, मग बाँडकडे बघतो, काय सांगायचं ते सांगतो आणि गोळी स्वतःला घालून घेतो. खोलीतल्या कॅमेऱ्याने हे टिपलेलं असतं, आणि पुढे तेच चित्रण त्याच्या मुलीसमोर (तीच नायिका, लेआ सेदू) लावून ब्लोफेल्ड तिला छळतो. एका दुय्यम नटाचा एक प्रसंग सिनेमाने दोनदा वसूल केला आहे. ‘सहकलाकार फुकट घालवले’ म्हणणाऱ्यांना हा प्रसंग आठवत नाही, याचंच मला नवल वाटतं.

क्यू, एम, मनीपेनी यांच्याबद्दल थोडक्यात. जुन्या मनीपेनीने, लॉइस मॅक्सवेलने, १९६२ ते १९८५ चौदा सिनेमे टेबलामागे काढले. नेओमी हॅरिसला निदान घर आहे, रात्रीचा फोन आहे, बिछान्यात कुणीतरी आहे. बेन व्हिशॉचा क्यू ऑस्ट्रियातल्या रोपवेत मागे लागलेल्यांपासून लपतो तेव्हा तो भित्राही आहे आणि जबाबदारही. एकाच मजकुरात ‘वाया घालवले’ आणि ‘उगाच पळवले’ अशा दोन्ही तक्रारी करता येत नाहीत.

राहता राहिला अँड्र्यू स्कॉट. तो तुमचा, घेऊन जा. टीव्हीवरच्या ‘शेरलॉक’मध्ये मोरियार्टी करून गाजलेला नट सरकारी अधिकारी म्हणून खोलीत शिरला की पहिल्या मिनिटाला प्रेक्षक ओळखतो, हाच तो. नऊ देशांची गुप्त माहिती एका जागी आणायचा त्याचा बेत, त्याला नकार देणारा दक्षिण आफ्रिका, आणि मग नेमका केपटाऊनमध्येच स्फोट. यातून संशय लपवायचा तर नट असा घ्यायला हवा होता ज्याच्यावर विश्वास बसेल. शेवटी तो एमवर पिस्तूल रोखतो आणि कळतं की एमने गोळ्या आधीच काढून घेतल्या आहेत. तेवढा एक क्षण एम झालेल्या राल्फ फाइन्सच्या खात्यात जमा होतो, स्कॉटच्या नाही.